कार्बन आहेत पण कार्बनला करंटच येत नाही, हा कसला जुना पंखा?

माळ्यावरचं_सामान (सांगली)

मंडळी नमस्कार, पहिल्यांदाच लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. गावभागात आमचं जुनं घर आहे, त्याचा माळा या उन्हाळ्यात रिकामा करायला काढला. घंगाळ, बंब, दोन मोडक्या आरामखुर्च्या आणि त्यांच्यामागं गोणपाटात गुंडाळलेला हा टेबल फॅन. २०१९ च्या पुरात खालचं सगळं गेलं, माळ्यावरचं तेवढं राहिलं, म्हणून हा पण राहिला.

बूड बिडाचं, पाती चार आणि चारही पितळी, जाळी पितळी, पात्याचा घेर बारा इंची. उचलताना कंबर धरते एवढा जड. जाळीची भोकं एवढी मोठी की अख्खा हात आत जाईल, त्या काळात लोक पोरांना कसं सांभाळत होते कोण जाणे. आत्या म्हणते आजोबांनी हा मिरजेत कुठल्यातरी लिलावात घेतला, ती परकरात होती तेव्हा दिवाणखान्यात चालायचा, आणि सुरू होताना मांजरासारखा गुरगुरायचा मग टक् करून गप्प व्हायचा आणि वारा सुरू. आत्याच्या गोष्टी अशाच असतात, ते जाऊ द्या.

मागची टोपी काढली तर आत कार्बन (फिरत्या भागावर घासत राहणारे बारके ठोकळे) दिसले आणि ते ज्याच्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर पण. आमच्या इथल्या वाइंडिंगवाल्याला दाखवला, तो म्हणाला डीसी आहे, घरात चालणार नाही, आतलं सगळं काढून कंडेन्सरवाली नवीन मोटर बसवून देतो, दोन दिवसात घेऊन जा. मी म्हणलं थांबा जरा. नावाची पट्टी आहे पण आत्यानं (तिच्या आधी आज्जीनं) दर दिवाळीला चिंच आणि मीठ लावून एवढी घासलीय की नुसती आरशासारखी चकाकते, अक्षर एक दिसत नाही.

अजून एक, पंख्याबरोबर एका लाकडी पेटीत काळा लोखंडी ठोकळा निघाला, पाच सहा किलोचा, दोन वायरी आत जातात आणि दोन बाहेर येतात. तो याचाच आहे का दुसऱ्या कशाचा माहीत नाही. अजून वीज दिलेली नाही. हे नक्की काय आहे आणि आतलं काढून टाकायचं का?


मिरज_जंक्शन

भावा हा रेल्वेचा पंखा असणार, मिरजेतनं घेतलाय म्हणजे विषयच संपला. डब्यातले जुने पंखे डीसीवरच असायचे, आधी २४ व्होल्ट आणि नंतर ११०. डब्याखाली डायनमो आणि बॅटऱ्या, त्यावर दिवे आणि पंखे. म्हणून तर घरी नेऊन काही उपयोग नाही म्हणायचे, तरी लोक न्यायचेच. १९७१ ला पुणे मिरज लाइन मोठी झाली तेव्हा मीटर गेजचं केवढं भंगार निघालं असंल विचार कर. कार्बन आहे म्हणजे डीसी, वाइंडिंगवाला बरोबर बोलला.


फिजिक्सवाली_सातारा

कार्बन आहे म्हणजे डीसी हे काही खरं नाही हो. मिक्सरमध्ये पण कार्बन असतात आणि मिक्सर आपण एसीवरच चालवतो. शिवाय डब्यातला पंखा छताला किंवा भिंतीला स्क्रूने बसवलेला असतो, त्याला बिडाचं एवढं जड बूड कशाला देतील, गाडीने आधीच काय कमी वजन ओढायचं असतं?

मला तर त्या लाकडी पेटीतच जास्त रस वाटतोय. दोन वायरी आत, दोन बाहेर आणि आत लोखंडी ठोकळा म्हणजे बहुतेक ट्रान्सफॉर्मर. आणि ट्रान्सफॉर्मर डीसीवर चालत नाही, त्याला बदलता प्रवाहच लागतो. म्हणजे पेटी जर पंख्याचीच असेल तर पंखा एसीचा आहे, आत कार्बन असो नाहीतर आणखी काही.

आता एक करा, दहा मिनिटांचं काम आहे. मल्टिमीटर ओहमवर ठेवा आणि पंख्याचं बटण किंवा लिव्हर चालू स्थितीत ठेवून प्लगच्या एका पिनेपासून एका कार्बनपर्यंत कंटिन्युइटी, म्हणजे करंटला सलग रस्ता आहे का, ते बघा, मग दुसऱ्या पिनेपासून. मग दोन कार्बनमध्ये एकमेकांत बघा. डीसी किंवा मिक्सरसारखी मोटर असेल तर पिनेपासून कार्बनपर्यंत रस्ता सापडलाच पाहिजे, कारण आर्मेचरला, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या वाइंडिंगला, करंट कार्बनमधूनच जातो. वीज अजिबात द्यायची नाही.

आणि पट्टीवर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासा. लहानपणी नाण्यावर करायचो तसं. डोळ्याला दिसत नाही ते कागदावर बऱ्याचदा उठतं. आत्यांना सांगा आता चिंच बंद.


कृष्णाकाठ_कराड

मी गेली काही वर्षं जुने पंखे गोळा करतोय, घरात सध्या अकरा आहेत आणि बायको म्हणते बारावा आला तर मी माहेरी जाते, त्यामुळं तुमचा मागत नाही, घाबरू नका.

ताईंनी सांगितलंय ते बरोबर, बाहेरनं बघून जुन्या पंख्याची मोटर ओळखायची नाही. एकच बूड, एकच जाळी, तीच पाती, आणि कंपनी त्यातच एसीचा पण पंखा काढायची आणि डीसीचा पण, कारण प्रत्येक गावात वेगळं. कलकत्त्यात तर काही भागात डीसी सप्लाय फार वर्षं टिकला. माझ्याकडं दोन पंखे आहेत शेजारी ठेवले तर जुळे भाऊ वाटतील, एकात आर्मेचर आणि कार्बन, दुसऱ्यात नुसता गुळगुळीत रोटर.

नेहमी सापडतो तो प्रकार म्हणजे शेडेड पोल. स्टेटरच्या, म्हणजे बाहेरच्या न फिरणाऱ्या भागाच्या, प्रत्येक पोलच्या एका कोपऱ्यात तांब्याचं जाड कडं ठोकलेलं असतं, नवशिक्या माणसाला वाटतं हे काय बांगडी घातल्यासारखं. कंडेन्सर नाही, कार्बन नाही, स्विच नाही, काहीच नाही. ताकद कमी पण पंख्याला पुरते. फिरणार नेहमी बिनकड्याच्या बाजूकडनं कड्याच्या बाजूला, त्यामुळं न चालवता पण दिशा सांगता येते. याच्यात मरण्यासारखं काही नसतं, बुश झिजला तरच. त्याच्याहून जुन्या काही पंख्यात मानेतनं दोनाच्या जागी तीन वायरी वर जातात आणि बुडात एक कॉइल बसलेली असते, तो स्प्लिट फेज, चालू व्हायला वेगळं वाइंडिंग. अशा पंख्याच्या बुडातली कॉइल रेग्युलेटर समजून काढून फेकलेली मी स्वतःच्या डोळ्यानं बघितलीय आणि मग म्हणतात पंखा नुसता घूं करतो, उचलत नाही. उचलंल कसा!

डीसीवाल्याची एक साधी खूण, पाती हातानं हळूहळू फिरवत पिनांवर ओहम बघितले की आकडा सारखा नाचतो, कारण कार्बनखालनं पट्ट्या सरकत असतात. इंडक्शन मोटरीला, म्हणजे जिच्या फिरत्या भागाला बाहेरनं वीज देतच नाहीत तिला, आकडा ढिम्म हलत नाही. तुमचा नाचतोय का ते पण बघा.

बाकी सगळ्यात इचित्र पंखा विचाराल तर रॉकेलवर चालणारे होते आपल्या देशात. खाली दिवा पेटवायचा, वर गरम हवेचं बारकं इंजिन, त्याच्यावर पाती. उन्हाळ्यात वाऱ्यासाठी आधी चिमणी पेटवायची म्हणजे बघा. पण वीज नसलेल्या बंगल्यात तेच चालायचं. एकदा चालू बघितलाय, हात लावायची हिंमत झाली नाही.


माळ्यावरचं_सामान (सांगली)

सगळ्यांचे आभार, एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं. आज सुट्टी होती म्हणून बसलो.

पेन्सिलची युक्ती भारी ताई!! पहिल्या कागदावर काही नाही, दुसऱ्यावर पट्टीच्या खालच्या अर्ध्या भागात व्होल्ट्स ११० आणि सायकल्स ६० एवढं स्पष्ट उठलं. वर कंपनीचं नाव असणार तिथं काहीच राहिलेलं नाही. आत्याला दाखवलं तर म्हणाली मग अजून घासायला पाहिजे होती.

आता मीटरचं. इथंच डोकं चक्रावलं. दोन्ही पिनांमध्ये रीडिंग येतं, साधारण ३० ओहमच्या आसपास, आणि पाती फिरवली तरी आकडा हलत नाही. पण पिनेपासून कार्बनपर्यंत काहीच नाही, ओपन. दोन्ही पिनांपासून बघितलं, लिव्हर सगळ्या घरांवर ठेवून बघितलं. कार्बनला बाहेरनं एक पण वायर येत नाही. उलट सगळे कार्बन (चार आहेत) एका पितळी कड्यावर बसलेत आणि त्या कड्यानंच एकमेकांना जोडलेत, शून्य ओहम. म्हणजे कुणीतरी कार्बन शॉर्ट करून ठेवलेत का? का मागं कुणीतरी दुरुस्ती करताना सप्लायची वायर तोडलीय?

अजून एक, आर्मेचर बाहेर काढलं तर कम्युटेटरच्या आतल्या अंगाला तांब्याच्या बारक्या बारक्या चकत्या ओवलेल्या आहेत, अगदी बोरमाळेसारख्या, आणि मागं स्प्रिंग आणि दोन वजनं. असलं मी कुठल्याच मोटरीत बघितलेलं नाही (मी फार मोटरी बघितलेल्या पण नाहीत म्हणा).


वाडीवाले_काका

किर्लोस्करवाडीला तीस वर्षं मोटरींच्यात काढली, आता निवृत्त, कधीतरीच इथं येतो. पण बोरमाळ वाचली आणि चष्मा पुसून परत वाचलं.

बाळा तुझ्या पंख्याची वायर कुणी तोडलेली नाही आणि कार्बन कुणी शॉर्ट केलेले नाहीत. ते जन्मापासून तसेच आहेत. ही रिपल्शन स्टार्ट मोटर आहे. सुरू होते रिपल्शनवर आणि पळते इंडक्शनवर. सप्लाय फक्त बाहेरच्या स्टेटरला. आर्मेचरला बाहेरनं काही द्यायचंच नसतं, त्याच्यात स्टेटरमुळं आपोआप करंट तयार होतो आणि त्या करंटला वाट मिळावी म्हणून कार्बन एकमेकांना जोडलेले. उचलायची ताकद जबर. वेग पूर्ण वेगाच्या पाऊण भागाच्या आसपास आला की ती वजनं बाहेर फेकली जातात, स्प्रिंगला दाबतात आणि ती बोरमाळ कम्युटेटरच्या आतल्या अंगाला जाऊन टेकते. टेकली की सगळ्या पट्ट्या एकदम शॉर्ट, आर्मेचरचा झाला साधा इंडक्शन रोटर. काही मोटरीत त्याच झटक्यात कार्बन पण उचलले जातात म्हणजे झिजत नाहीत.

आता तुझ्या आत्यांचं वाक्य परत वाच. सुरू होताना गुरगुरायचा मग टक् करून गप्प. गुरगुर म्हणजे कार्बन घासल्याचा आवाज आणि टक् म्हणजे माळ बसली. उत्तर पहिल्याच दिवशी तूच लिहून ठेवलंस आणि वर म्हणतोस ते जाऊ द्या. घरातल्या बायका सांगतात ते कधी ऐकावं रे.

या मोटरी आम्ही बघितल्या त्या कॉम्प्रेसरवर, पंपावर, जिथं भार घेऊन उठायचं असतं तिथं. स्वस्त कंडेन्सर बाजारात यायच्या आधी सिंगल फेजवर जोरात उठणारी मोटर पाहिजे तर हीच. अमेरिकेत सेंट लुईसला वॅग्नर आणि सेंच्युरी या कंपन्या असल्या मोटरींसाठी नावाजलेल्या. पंख्यात मी आयुष्यात बघितलेली नाही, पंख्याला एवढ्या ताकदीची गरजच काय, पण त्या काळात सगळेच करून बघत होते. तुझी पट्टी पुसलीय म्हणून नाव मात्र लावू नकोस कुणाचं. ११० आणि ६० म्हणजे माल अमेरिकेकडचा एवढं धरून चालायला हरकत नाही. मिरजेत १८९४ पासून अमेरिकन मिशनचा दवाखाना, परदेशी माणसं यायची राहायची जायची, जाताना सामान विकायची. तुझ्या आजोबांचा लिलाव तसल्याच कुणाच्या बंगल्यातला असंल.

वाइंडिंगवाल्याला सांग हात लावू नको. आतलं काढून कंडेन्सरची मोटर बसवली की राहिलं काय, पितळी जाळी. त्याचं चुकलं असं नाही म्हणत मी, कार्बन बघून मी पण पहिल्यांदा डीसीच म्हणलो असतो. पण कार्बनपर्यंत वायर येते का हे बघायला पाहिजे होतं.


मिरज_जंक्शन

काका मानलं. माझा रेल्वेचा पंखा यार्डात घालतो. पण एक कळलं नाही, कार्बनला करंट न देता, नुसते एकमेकांना जोडून आर्मेचर फिरतंच कसं? आणि फिरायचं कुठल्या बाजूला हे त्याला कोण सांगतं?


फिजिक्सवाली_सातारा

हा प्रश्न मी यंदा बारावीला विचारणार.

स्टेटर म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं पहिलं वाइंडिंग समजा आणि आर्मेचर म्हणजे दुसरं. स्टेटरमध्ये एसी गेला की आर्मेचरच्या कॉइलमध्ये व्होल्टेज तयार होणार, आणि कार्बन जोडलेले असले की करंट वाहणार. आता त्या करंटमुळे आर्मेचरचे स्वतःचे पोल तयार होतात, आणि ते कुठे तयार होणार हे कार्बन कुठे टेकलेत त्यावर ठरतं. गंमत इथे आहे. कार्बन स्टेटरच्या पोलच्या बरोबर रेषेत ठेवले तर करंट सगळ्यात जास्त वाहतो, पण जोर सरळ रेषेतच लागतो, फिरवणारा जोर शून्य. मोटर नुसती घूं करून तापणार. कार्बन त्या रेषेला काटकोनात नेले तर करंटच वाहत नाही, परत शून्य. काटकोन म्हणजे विजेच्या हिशोबाचा हं, चार पोलच्या मोटरीत हाताने मोजायला तो निम्माच, ४५ अंश. या दोन्हीच्या मध्ये, पहिल्या रेषेपासून थोडेसेच सरकवून ठेवले की आर्मेचरचा पोल स्टेटरच्या सारख्या पोलच्या किंचित बाजूला येतो, सारखे पोल एकमेकांना ढकलतात आणि आर्मेचर फिरायला लागतं. ढकलणं म्हणजेच रिपल्शन. ज्या बाजूला कार्बन सरकवले त्या बाजूला फिरणार, म्हणजे दिशा सांगणारे कार्बनच.

एसी कॉइलसमोर तांब्याचं कडं ठेवलं की ते ढकललं जातं हे एलिहू थॉमसनने १८८७ च्या सुमारास दाखवलं होतं. आपल्याकडे प्रॅक्टिकलला उडणारं कडं म्हणून दाखवतात ते हेच. त्यावरूनच या मोटरी आल्या. पाच वर्षं आधी, १८८२ ला स्कायलर व्हीलरने टेबल फॅन केला तो डीसीवरचा. टेस्लाची इंडक्शन मोटरची पेटंटं १८८८ ची. पण टेस्लाच्या मोटरीला दोन किंवा जास्त फेज हव्यात, आणि घरात येणार एकच. एका फेजवर इंडक्शन मोटर पळते, पण आपण होऊन उठत नाही. मग उठवायचं कसं यासाठीच या सगळ्या खटपटी. कराडच्या दादांनी लिहिलेली तांब्याची कडी, बुडातली कॉइल आणि ही बोरमाळ, सगळी एकाच अडचणीची वेगवेगळी उत्तरं आहेत.


माळ्यावरचं_सामान (सांगली)

काका, आत्याला तुमचं उत्तर वाचून दाखवलं. तिनं मला परत वाचायला लावलं, घरातल्या बायका सांगतात ते कधी ऐकावं हे वाक्य तर तीनदा. आता घरात काही बोलायची सोय राहिलेली नाही.

आता माझी चूक सांगतो. उत्साहाच्या भरात सगळं खोललं. कम्युटेटर काचपेपरनं साफ केला, पट्ट्यांच्या मधली कार्बनची भुकटी करवतीच्या पात्याच्या तुकड्यानं काढली. बुशमध्ये खोबरेल तेल गोठून डिंक झाला होता (हे पण घरचंच काम, थंडीत पंखा कोण लावतंय म्हणून कळलंच नसणार), ते रॉकेलनं धुतलं, शिलाई मशीनचं तेल सोडलं. मित्राकडनं मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) आणला, ५०० व्होल्टवर बॉडीला ६ मेगाओहम आले. कापडी वायर हातात आली की तुटत होती, ती काढून तीन कोअरची घातली आणि बॉडीला अर्थिंग दिलं.

मग पेटी जोडली. पेटीचं आउटपुट मोजलं तर ११७ व्होल्ट, म्हणजे ताई तुमचं बरोबर, ट्रान्सफॉर्मरच आहे. मध्ये १०० वॉटचा सिरीज बल्ब लावून चालू केलं. बल्ब लागला, पंखा घूंऽऽ करतोय, पण उचलत नाही. पाती हातानं ढकलली तर किंचित फिरतात आणि थांबतात. लगेच बंद केलं. सगळी वाट लावली का मी?


वाडीवाले_काका

कार्बनचं कडं काढताना खूण केली होतीस का?


माळ्यावरचं_सामान (सांगली)

नाही.


वाडीवाले_काका

वाटलंच. वाट लागलेली नाही, घाबरू नको. ताईंनी वर लिहिलंय तेच तुझ्या पंख्यात झालंय, तू कडं बसवताना कार्बन बरोबर पोलच्या रेषेत आणून ठेवलेस. कड्याला एक स्क्रू असंल, तो ढिला कर म्हणजे कडं जरा फिरतं. घराच्या आत बघ, जुनी जागा सापडंल, कड्याखाली रंग किंवा वार्निश वेगळं दिसतं, नाहीतर स्क्रूचा जुना वण असतो. नाहीच सापडलं तर आत्ता जिथं आहे तिथनं थोडंसं सरकव. चार पोलची मोटर आहे, दहा अंशाच्या आसपास बास, तेवढ्यावर तिची खरी जागा असायला पाहिजे. कुठल्या बाजूला ते पात्याच्या पिळावरनं ठरव, वारा पुढं आला पाहिजे. उलट्या बाजूला सरकवलंस तर उलटा फिरंल आणि वारा भिंतीकडं जाईल, त्यानं बिघडत काही नाही. वीज बंद करून सरकवायचं, चालू असताना आत स्क्रू ड्रायव्हर घालायचा शहाणपणा नको. आणि सिरीज बल्बवर अर्धा जोर बल्बच खातो, त्यामुळं एवढ्यावर तो टक् करंलच असं नाही, उचलला तरी समजायचं जमलं.

दुसरं, ते ११७ मला पसंत नाही. पंखा ६० सायकलचा, म्हणजे सेकंदाला साठ वेळा उलटसुलट होणाऱ्या विजेचा, आपल्याकडं ५०. सायकल कमी झाली की त्याच व्होल्टेजला लोखंड जास्त भरतं, करंट वाढतो आणि वाइंडिंग तापतं. ११० गुणिले ५० भागिले ६०, म्हणजे ९२ व्होल्टच्या आसपास द्यायला पाहिजे. डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) मिळाला तर त्याच्यावर ९० ला ठेव. साधा पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मध्ये घालू नकोस. वेग पण थोडा कमीच मिळणार, चार पोलला ६० सायकलवर हिशोबानं १८०० फेरे होतात आणि आपल्याकडं १५००, प्रत्यक्षात त्याच्याहून जरा खालीच. तुझ्या आजोबांनी तसाच ११७ वर चालवला असणार आणि टिकला, पण तेव्हा वार्निश तरुण होतं.

अजून एक बघ, पेटीच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या वायरीत कंटिन्युइटी आहे का. असली तर तो ऑटो ट्रान्सफॉर्मर, आत बाहेर दोन्हीला एकच वाइंडिंग. म्हणजे व्होल्टेज कमी झालं तरी फेज थेट पंख्यापर्यंत येऊ शकतो, ११० आहे म्हणून निर्धास्त हात लावायचा नाही. अर्थिंग दिलंस ते शंभर टक्के बरोबर केलंस.


कृष्णाकाठ_कराड

आणि लिव्हर पहिल्या घरावर ठेवूनच सुरू करा. जुन्या पंख्यात बंदच्या शेजारचं घर बहुतेक सगळ्यात जोराचं असतं, लोकांना वाटतं उलटं बसवलंय. आधी पूर्ण जोरात उठू द्यायचा, मग हळू करायचा. तुमच्यात तर तो टक् झाल्याशिवाय कमी करूच नका.


माळ्यावरचं_सामान (सांगली)

मंडळी झालं!!!

कड्याखाली खरंच जुन्या वार्निशची रेघ होती, माझं कडं तिच्यापासून अंगठ्याच्या नखाएवढं लांब बसलेलं. तेवढंच. रेघेवर आणलं, सिरीज बल्बवर लावलं, बल्ब लागला आणि पंखा उचलला, हळू पण उचलला. मग बल्ब काढून डिमरस्टॅटवर ९० ला (मित्राच्या दुकानातनं एका दिवसाच्या बोलीवर आणलाय, आता परत न्यायला जीवावर आलंय). गुर्रर्रर्र करत वेग घेतला, पाच सात सेकंद असतील, आतनं टक्. आणि गुरगुर एकदम बंद, नुसता वाऱ्याचा आवाज. आम्ही सगळे गप्प. आत्या स्वयंपाकघरातनं ओरडली, बसला बघ!

तासभर चालवला, बॉडीला हात ठेवता येतो एवढीच गरम. पेटी ऑटो ट्रान्सफॉर्मरच निघाली काका, आत बाहेर कंटिन्युइटी आहे, म्हणून ती आता वापरत नाही, वेगळी ठेवलीय. जाळीच्या मागं बारीक जाळी बांधणार आहे, भाच्याची बोटं सारखी तिकडंच जातात. कार्बनपैकी एक फारच बारका राहिलाय, त्याच मापाचा मिळत नाही, मोठा आणून घासून बसवला तर चालंल ना?

आणि वाइंडिंगवाला येऊन गेला. मीच बोलवलं, म्हणलं बघून तर जा. त्यानं चार वेळा बंद चालू करायला लावला, चारी वेळा कान मोटरीला लावून टक् ऐकला, मग चहा घेतला आणि म्हणाला माझ्याकडं एक पंखा पडून आहे गेल्या वर्षापासून, मानेतनं तीन वायरी येतात, बुडातलं काहीतरी गिऱ्हाइकानंच काढून टाकलंय, नुसता घूं करतो. मी म्हणलं खोलू नका, थांबा.


कृष्णाकाठ_कराड

तीन वायरी!! फोटो टाका लगेच. बुडातलं काढलेलं गिऱ्हाइकाकडं अजून पडलंय का तेवढं विचारा, भंगारात दिलं असेल तर दुकान कुठलं ते पण.


वाडीवाले_काका

मोठा कार्बन घासून चालंल, फक्त होल्डरमध्ये सैल सरकला पाहिजे आणि तोंडाला कम्युटेटरचा गोलावा आला पाहिजे. काचपेपर कम्युटेटरवर उलटा, खरखरीत बाजू बाहेर करून गुंडाळ आणि त्याच्यावर कार्बन घास.

तीन वायरीवाला खोलायच्या आधी खूण करा रे बाबांनो.